औषधाच्या दुकानातून निघालेला कॅमेरा



निरोपसमारंभाच्या दिवशी दहावीच्या मुलांचा एकत्र फोटो काढावयाचा, हा आमच्या शाळेचा जुना परिपाठ आहे. पटांगणातल्या आंब्याच्या सावलीत पुढे शिक्षकांच्या खुर्च्या, त्यांच्यामागे उभ्या मुलांची ओळ, तिच्यामागे बाकांवर चढलेली आणखी एक ओळ, अशी मांडणी होते. मग शाळेसमोरच्या स्टुडिओचे मालक तिपाईवर कॅमेरा बसवतात, उन्हाकडे एकदा पाहतात आणि "कोणी डोळे मिटू नका रे!" असे बजावतात. माझा स्वतःचा दहावीचा फोटो त्यांनी काढला होता. माझ्या मुलीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा फोटोही त्यांचाच. गेल्या वर्षी मात्र ते आले ते रिकाम्या हातांनी. आठवड्यापूर्वीच त्यांनी स्टुडिओची पाटी उतरवली होती. मुलांनी खिशांतले मोबाइल काढून क्षणार्धात पाचपन्नास फोटो घेतले. मालक एका बाजूस उभे राहून हे सारे पाहत होते. समारंभ संपल्यावर ते मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही इतिहास शिकवता. मला एवढेच सांगा, आमचे चुकले कोठे?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. घरी आल्यावर कपाटातला वडिलांचा कॅमेरा मी बाहेर काढला. माझे मामा बोटीवर नोकरीस होते; त्यांनी एका फेरीत तो वडिलांसाठी आणला होता. हाताच्या पंजात मावेल एवढा तो कॅमेरा. त्यावर अक्षरे आहेत 'कोनिका'. लहानपणापासून ते नाव मी शेकडो वेळा पाहिले होते. पण हे नाव कोणाचे, ते आले कोठून, हे विचारण्याचे मला कधी सुचले नव्हते. त्या नावाचा माग काढता काढता मी टोकियो शहरातल्या एका औषधाच्या दुकानापाशी जाऊन पोहोचलो. आज त्या दुकानाची हकिकत आपणास सांगावयाची आहे.

वर्ष १८७३. जपानात सम्राट मेइजी यांची राजवट सुरू होऊन पाच वर्षे झाली होती. जुन्या एदो शहराचे नाव बदलून टोकियो झाले होते, आणि दोनशेहून अधिक वर्षे परक्यांना जवळजवळ बंद असलेला तो देश पाश्चात्त्य विद्या घाईघाईने आत्मसात करीत होता. टोकियोच्या कोजिमाची भागात 'कोनिशिया रोकुबेइ' या नावाची औषधांची मोठी पेढी होती. त्या पेढीत सुगिउरा रोकुसाबुरो नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण व्यापार पाहत असे. त्याने त्या वर्षी औषधांच्या जोडीला एक नवा माल विकावयास ठेवला. तो माल म्हणजे फोटो काढण्यास आणि शिळाछापाच्या छपाईस लागणारे साहित्य.

औषधाच्या दुकानात फोटोचे साहित्य कशासाठी, असे आपल्या मनात येईल. याचे उत्तर त्या काळच्या छायाचित्रणाच्या रीतीत आहे. त्या काळी फिल्म नव्हती. छायाचित्रकार स्वच्छ काच घेई आणि तिच्यावर कलोडियन नावाचा चिकट द्रव पसरी. हा द्रव ईथर आणि मद्यार्क यांपासून होतो, आणि जखमेवर पापुद्रा धरावा म्हणून वैद्यही तो वापरीत. मग ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवावयाची. हे द्रव्यदेखील डॉक्टरांच्या नेहमीच्या वापरातले. काच ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि ओली असतानाच धुवावयाचे. ती वाळली की सारे श्रम फुकट. म्हणजे त्या वेळचा छायाचित्रकार हा अर्धा चित्रकार तर अर्धा रसायनकार असे, आणि त्याला लागणाऱ्या वस्तूंपैकी बऱ्याचशा औषधविक्याच्या बरण्यांत आधीपासूनच होत्या.

जपानात ही विद्या आली तीही वैद्यकाचे बोट धरूनच. नागासाकी बंदरात डच लोकांना राहण्याची परवानगी होती. तेथे पोंपे नावाच्या डच डॉक्टराजवळ उएनो हिकोमा हा तरुण रसायनशास्त्र शिकला आणि त्याने १८६२ मध्ये नागासाकीत आपला स्टुडिओ उघडला. त्याच वर्षी योकोहामा येथे शिमोओका रेंजो यानेही स्टुडिओ थाटला. सुगिउराने माल विकावयास आरंभ केला तेव्हा या घटनेस अवघी अकरा वर्षे झाली होती. अमेरिकेतल्या ईस्टमनने आपला काचा बनवण्याचा धंदा, ज्यातून पुढे कोडॅक निघाली, तो अजून सुरूही केला नव्हता. कॅमेरे, भिंगे, कागद, सारे काही आगबोटीने परदेशाहून यावयाचे आणि दुकानदाराने ते विकावयाचे. अशी दुकाने जगातल्या प्रत्येक बंदरात होती. या दुकानाचे वेगळेपण यानंतर दिसून येते.

१८७८ मध्ये रोकुसाबुरोकडे घराण्याची गादी आली. जपानी व्यापारी घराण्यांच्या चालीप्रमाणे त्याने वडिलोपार्जित नाव धारण केले आणि तो सहावा सुगिउरा रोकुएमोन झाला. मुख्य वारस जुनी पेढी स्वतःकडे ठेवील आणि धाकट्यास नवे काही काढून देईल, अशी आपली अपेक्षा असते. येथे उलटे घडले. जमलेल्या धंद्याचे जुने औषधी दुकान त्याने धाकट्या भावाच्या स्वाधीन केले आणि आपण स्वतः निहोन्बाशी भागात 'कोनिशी होन्तेन', म्हणजे कोनिशींचे मुख्य दुकान, या नावाने नवी पेढी घातली. निहोन्बाशी हा टोकियोतल्या व्यापाराचा गाभा. जपानातल्या जुन्या राजरस्त्यांची अंतरे तेथल्याच पुलापासून मोजीत. अशा ठिकाणी बसून त्याने फोटोच्या साहित्यावर आपले नशीब लावले.

चारच वर्षांनी, १८८२ मध्ये, त्याने दुसरे धाडस केले. जे साहित्य आपण परदेशाहून आणून विकतो ते येथेच का होऊ नये, असे म्हणून त्याने ते देशात बनवून घेण्याचा उपक्रम हाती घेतला. या निश्चयाचे मोल आपण नीट ध्यानात घेतले पाहिजे. आयात माल विकणाऱ्याचा नफा ठरलेला असतो आणि जोखीम थोडी असते. स्वतः माल बनवावयाचा म्हणजे कारागीर शोधावयाचे, बिघडलेला माल फेकून द्यावयाचा आणि पहिली काही वर्षे गिऱ्हाइकाचे "विलायतीची सर नाही" हे बोल ऐकून घ्यावयाचे. परंतु जपानापाशी एक मोठे भांडवल होते, ते म्हणजे तेथला सुतार. खिळा न मारता, केवळ खाचा आणि सांधे साधून पेट्या-कपाटे करण्याची कला तेथे पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. त्या वेळचा कॅमेरा म्हणजे उजेड आत शिरू न देणारी लाकडी पेटीच असे. भिंग परदेशचे आणि पेटी आपल्या सुताराची, अशा रीतीने हा आरंभ झाला.

पेढीने केवळ माल विकला असे नाही, तो वापरावा कसा हेही लोकांना सांगितले. १८९४ पासून 'शाशिन गेप्पो', म्हणजे छायाचित्रणाचे मासिक, या पेढीकडून निघू लागले. गिऱ्हाइकाला शिकवले तर गिऱ्हाईक वाढते, हा व्यापारी हिशेब त्यात होताच. पण शिकवण्याची ही सवय त्या घराण्यात पुढेही टिकली, आणि माझ्या आजच्या विषयाचे मर्म त्या सवयीतच आहे असे मला वाटते.

पुढे विसावे शतक उजाडले. ओल्या काचेची रीत जाऊन तयार कोरड्या काचा वापरात आल्या होत्या. १९०२ मध्ये पेढीने टोकियोच्या पश्चिम वेशीवर, योदोबाशी गावाच्या हद्दीत, काचा आणि फोटोचा कागद बनवण्यासाठी कारखाना घातला. त्याचे नाव 'रोकुओशा'. यातल्या 'रोकु'चा अर्थ सहा आणि 'ओ' म्हणजे चेरीचे झाड, ज्याला जपानी लोक एरव्ही साकुरा म्हणतात. मालक सहावा रोकुएमोन, त्याच्या नावातही सहा. या सहाच्या आकड्याने त्या पेढीची पाठ कधी सोडली नाही. पुढे पेढीने स्वतःची भिंगे केली तेव्हा त्यांना 'हेक्सार' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'हेक्स' म्हणजे सहाच.

याच सुमारास, १९०२-०३ मध्ये, पेढीने 'चेरी' नावाचा एक लहान कॅमेरा बाजारात आणला. त्याचे पूर्ण जपानी नाव 'चेरी तेसागे अनबाको', म्हणजे हातातून नेण्याची अंधारी पेटी. आपण ज्याला कॅमेरा म्हणतो त्या शब्दाचा मूळ अर्थही खोली असाच आहे. हिंदीतला 'कमरा' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. तो आणि कॅमेरा हे एकाच घरातले भाऊ. हा चेरी कॅमेरा धंदेवाईक छायाचित्रकारासाठी नव्हता, तो घरगुती हौशी माणसासाठी होता. सामान्य गिऱ्हाइकासाठी स्वतःच्या नावाने विकलेला पहिला जपानी कॅमेरा म्हणून त्याची नोंद आहे. त्याच्या पाठोपाठ साकुरा, लिली, पर्ल अशी फुलामोत्यांची नावे घेऊन कॅमेरे निघाले. आणि १९२५ मध्ये 'पर्लेट' हा घडी घालून खिशात ठेवता येणारा कॅमेरा आला. त्याचा नमुना युरोपातला होता, हे लपवण्याचे कारण नाही. शिकाऊ मुलगा प्रथम गुरुजींचेच अक्षर गिरवतो. मात्र गिरवता गिरवता हात वळला, आणि पर्लेट हा जपानातल्या हजारो घरांतला पहिला कॅमेरा ठरला.

सहावा रोकुएमोन १९२१ मध्ये वारला. त्याच वर्षी पेढीची रीतसर कंपनी झाली आणि कोनिशी व रोकुएमोन या दोन नावांच्या जोडणीतून 'कोनिशिरोकु' हे नाव रूढ झाले. वृद्ध मालकाची एक इच्छा अपुरी राहिली होती. जपानात छायाचित्रण शिकवणारी एक चांगली शाळा असावी, ही ती इच्छा. त्याच्या मागून गादीवर आलेल्या सातव्या रोकुएमोनने ती पुरी केली आणि १९२३ च्या वसंतात कोनिशी छायाचित्रण विद्यालय सुरू झाले. जे ज्ञान दुकानाच्या फळीवर आणि मासिकाच्या पानांत वाटले जात होते त्याला आता वर्ग आणि फळा मिळाला.

शाळा सुरू होऊन पाच महिनेही झाले नव्हते तोच, १ सप्टेंबर १९२३ रोजी, कांतो प्रांतात महाभूकंप झाला. दुपारच्या स्वयंपाकाची वेळ होती. घरोघरच्या चुली पेटलेल्या होत्या, त्यांतून आगी लागल्या. टोकियो आणि योकोहामा मिळून लाखाच्या वर माणसे दगावली. निहोन्बाशीचा बहुतेक भाग जळून गेला. ज्या नगरीच्या भरभराटीवर हा धंदा उभा होता ती नगरीच राखेत पडली. अशा वेळी नुकतेच लावलेले शाळेचे रोप टिकेल अशी आशा कोणी धरली नसती. पण ते टिकले.

यानंतर कंपनी अधिक जोमाने वाढली. १९२९ मध्ये 'साकुरा' या नावाने तिची फिल्म निघाली. १९३३ मध्ये क्ष-किरणांची फिल्म आली. क्षयरोगाने गांजलेल्या त्या काळच्या जपानात छातीच्या आतले चित्र काढण्याच्या या साधनाचे मोल किती असेल हे सांगावयास नको. औषधाच्या दुकानातून निघालेली पेढी फिरून वैद्याच्या दारी आली ती अशी. १९४० मध्ये तिने जपानची पहिली रंगीत फिल्म तयार केली. परंतु इतिहास सांगताना केवळ भूषणावह गोष्टी सांगून भागत नाही. याच रोकुओशा कारखान्याने लष्करासाठी मशीनगनच्या आकाराचे कॅमेरे बनवले. शिकाऊ वैमानिकाने चाप ओढला की गोळीच्या जागी फोटो निघे, आणि त्याचा नेम लागला असता की नाही हे त्यावरून कळे. चेरीच्या फुलाचे नाव घेतलेल्या कारखान्यात माणसे मारण्याच्या तालमीचे साधन व्हावे, याची नोंद वाचताना मन विषण्ण होते.

महायुद्धात जपानचा पराभव झाला. शहरे उद्ध्वस्त झाली होती, परकी सैन्याचा अंमल होता, आणि अन्नधान्य आणावयाचे तर परदेशी चलन हवे होते. अशा वेळी थोड्या कच्च्या मालात पुष्कळ कसब ओतून बनवलेली वस्तू हीच जपानची तारक ठरली. कॅमेरा ही तशी वस्तू. युद्ध संपल्यावर दोन-तीन वर्षांत या कंपनीने पस्तीस मिलिमीटर फिल्मचा एक घट्ट बांध्याचा कॅमेरा काढला आणि कोनिशिरोकुतील 'कोनि' व कॅमेऱ्यातील 'का' जोडून त्याला 'कोनिका' असे नाव दिले. माझ्या वडिलांच्या कॅमेऱ्यावरचे नाव ते हेच. तो ज्या जातीचा आहे ती 'सी ३५' ही मालिका १९६८ मध्ये सुरू झाली.

या मालिकेत पुढे जे घडले ते घरोघरच्या फोटोंशी निगडित आहे. जुन्या दिवसांतले आपले फसलेले फोटो आठवा. निम्मे अंधारामुळे काळे, आणि उरलेले अस्पष्ट, कारण अंतर नीट जुळवलेले नसे. १९७५ मध्ये कोनिकाने कॅमेऱ्याच्या अंगातच चमकदिवा बसवला. त्यापूर्वी तो बहुधा वेगळा जोडावा लागे. जपानी लोकांनी या कॅमेऱ्याला लाडाने 'पिक्कारी' म्हटले, म्हणजे आपल्याकडे 'लखलख' म्हणावे तसे. १९७७ मध्ये याहून मोठी मजल मारली गेली. समोरच्या माणसाचे अंतर स्वतः मोजून भिंग आपोआप जुळवून घेणारा, सर्वसामान्य बाजारात आलेला जगातला पहिला कॅमेरा कोनिकाने विकावयास आणला. अंतर मोजणारा त्याचा भाग अमेरिकेतल्या हनीवेल कंपनीच्या शोधावर आधारलेला होता; परंतु तो सामान्य माणसाच्या हातात दिला तो या जपानी कंपनीने. त्याचे टोपणनाव 'जासुपिन'. यातील 'जासु' म्हणजे इंग्रजीतला 'जस्ट' आणि 'पिन' हे 'पिंतो' या शब्दाचे लघुरूप. जपानी भाषेत भिंग जुळण्याला 'पिंतो' म्हणतात आणि हा शब्द नागासाकीच्या डचांकडून आलेला आहे. गोव्याबेळगावकडच्या आम्हा लोकांना 'पिंटो' म्हटले की शेजारचे एखादे कुटुंब आठवते. त्या नावाचा आणि या शब्दाचा काही संबंध नाही, पण तो वाचून मला हसू आल्यावाचून राहिले नाही.

या दोन कॅमेऱ्यांचा परिणाम दुहेरी झाला. एकीकडे ज्याला यंत्रातले काही कळत नाही त्या आईच्या, आजीच्या हातात कॅमेरा आला. दुसरीकडे, फोटो काढण्यासाठी जाणत्या माणसाची गरज थोडी कमी झाली. स्टुडिओवाल्याच्या हातातले कसब यंत्राच्या पोटात शिरू लागले ते मोबाइल येण्याच्या पुष्कळ आधी, आणि ते शिरवणारे हात कॅमेरे बनवणाऱ्यांचेच होते.

१९८७ मध्ये कंपनीने कोनिशिरोकु हे जुने नाव सोडून कोनिका हेच नाव घेतले. त्यानंतरच्या दशकात आपल्या गावोगावच्या बाजारपेठांत रंगीत फोटो धुऊन देणाऱ्या दुकानांवर कोडॅक, फुजी आणि कोनिका या नावांच्या पाट्या झळकत होत्या, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. फिल्मचा रोळ देऊन दोन-चार दिवस वाट पाहण्यातली हुरहूर आजच्या मुलांना समजावून सांगणे कठीण आहे.

या कथेत आता दुसरे एक दुकान येते. १९२८ मध्ये ताशिमा काझुओ या तरुणाने ओसाका शहराच्या परिसरात 'निचिदोकु शाशिनकी शोतेन', म्हणजे जपानी-जर्मन कॅमेऱ्यांचे दुकान, या नावाने धंदा सुरू केला. नावात दुकान असले तरी पुढच्याच वर्षी त्याने कॅमेरा बनवला. भिंग आणि झडप जर्मन, बाकीचे काम जपानी. त्याच्या मालाचे 'मिनोल्टा' हे नाव पुढे जगप्रसिद्ध झाले. या नावात पिकलेल्या भातशेताची जपानी शब्दांतली आठवणही गुंफलेली आहे. कणीस दाण्यांनी भरले की मान खाली घालते, ही तिकडची शिकवण आपल्या शेतकऱ्यासही परकी वाटणार नाही. १९८५ मध्ये याच मिनोल्टाने भिंगे बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यात आपोआप जुळणी आणून धंद्यात खळबळ उडवली. दुकानातून कारखाना झालेल्या या दोन कंपन्या २००३ मध्ये एक झाल्या आणि कोनिका मिनोल्टा हे नाव झाले.

परंतु तोवर वारे फिरले होते. फिल्मची जागा विजेवर चालणाऱ्या अंकीय तंत्राने घेतली. भिंग, झडप, यंत्राची घडण यांत शंभर वर्षे मुरलेल्या लोकांना आता विजेचे सूक्ष्म भाग बनवणाऱ्यांशी झुंजावे लागले. १९ जानेवारी २००६ रोजी कंपनीने जाहीर केले की, कॅमेरा आणि फोटो हे दोन्ही धंदे आपण सोडत आहोत. मोठ्या कॅमेऱ्यांचे काम सोनी कंपनीकडे गेले आणि फिल्म व कागद यांचेही उत्पादन पुढे थांबले. सुमारे ३,७०० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा त्याबरोबरच झाली. ज्या मालापासून १८७३ मध्ये आरंभ झाला तोच माल एकशे तेहेतीस वर्षांनी फळीवरून उतरला. कंपनी मात्र बुडाली नाही. नकला काढण्याची यंत्रे, छपाई, रुग्णालयांतली चित्रे यांचे धंदे तिने आधीपासून जोडून ठेवले होते; त्यांवर ती उभी राहिली.

येथे आपल्या देशाकडे एक दृष्टिक्षेप टाकणे अप्रस्तुत होणार नाही. सुगिउराने माल विकावयास घेतला त्याच सुमारास, १८७४ मध्ये, इंदूरच्या बांधकाम खात्यात काम करणाऱ्या लाला दीनदयाळ यांनी कॅमेरा हाती धरला. पुढे हैदराबादच्या निजामाने त्यांना राजा ही पदवी दिली. कलेत ते जगातल्या कोणाहून उणे नव्हते. परंतु चित्र काढण्याची कला येथे बहरली तशी साधने बनवण्याची विद्या बहरली नाही. केरळात अलप्पुळा येथे विसाव्या शतकाच्या मध्यास 'वागीश्वरी' नावाचे सुबक लाकडी कॅमेरे होत असत. वडोदऱ्यात न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनलेला आग्फाचा 'क्लिक थ्री' आमच्या वडिलांच्या पिढीत घरोघरी होता. आणि उटकमंड येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यातून १९६७ पासून 'इंदू' फिल्म निघू लागली. हे प्रयत्न कमी मोलाचे नव्हते. ते उशिरा झाले, एकमेकांपासून दूर राहिले आणि पुढे थांबले. एकाच दुकानात विक्री, कारागिरी, मासिक आणि शाळा एकत्र नांदावी, असा योग आपल्याकडे जुळून आला नाही.

आज टोकियोला जाणाऱ्या माणसाला त्या जुन्या पेढीच्या खुणा कोठे दिसतात? योदोबाशीचा भाग आता शिंजुकु या नावाने ओळखला जातो. तेथे गगनचुंबी इमारती आहेत. त्यांच्या शेजारच्या बागेत, जेथे रोकुओशा कारखाना होता, तेथे जपानी छायाचित्रण-उद्योगाची ही जन्मभूमी असे सांगणारा दगड उभा आहे. जवळच 'योदोबाशी कॅमेरा' हे प्रचंड दुकान आहे. त्याचा कोनिशिरोकुशी संबंध नाही. १९६० मध्ये दुसऱ्याच एका गृहस्थाने लहान प्रमाणावर सुरू केलेली ती पेढी पुढे येथे आली आणि या भागाचे जुने नाव तिने घेतले. नावात कॅमेरा असला तरी आज तेथे घरातली नाना तऱ्हेची विजेची उपकरणे विकली जातात.

आणि १९२३ ची ती शाळा? ती आजही चालू आहे. भूकंप आणि महायुद्ध यांतून तरून ती १९६६ मध्ये विद्यापीठ झाली आणि १९७७ पासून तिचे नाव टोकियो पॉलिटेक्निक विद्यापीठ असे आहे. होसोए एइको यांच्यासारखे नामांकित छायाचित्रकार तेथे शिकले आणि पुढे तेथेच शिकवू लागले. साकुरा फिल्म बाजारातून गेली, कोनिका कॅमेरा गेला, मूळ कारखान्याच्या जागी बाग झाली. मात्र त्या शाळेत छायाचित्रणाचे वर्ग आजही भरतात.

ही सारी हकिकत मी आमच्या स्टुडिओच्या मालकांना एका रविवारी सांगितली. मी म्हणालो, "तुमचे चुकले असे मला वाटत नाही. ज्यांनी आपोआप जुळणारे भिंग पहिल्याप्रथम बाजारात आणले, त्यांनाही हा धंदा टिकवता आला नाही. टिकले ते त्यांनी दुसऱ्यांना शिकवलेले." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हसून म्हणाले, "म्हणजे आता म्हातारपणी मी शाळा काढू म्हणता, मास्तर?"

त्यांनी शाळा काढली नाही. पण जूनमध्ये एके दिवशी ते आमच्या नववीच्या वर्गात आले ते बुटांचे एक रिकामे खोके, काळा कागद आणि टाचणी घेऊन. खोक्याच्या एका अंगाला टाचणीने भोक पाडले, समोरच्या अंगाला तेलकागद लावला, आणि काळे कापड डोक्यावर घेऊन मुलांना एकेक करून आत पाहावयास लावले. तेलकागदावर पटांगणातला आंबा उलटा उभा होता आणि त्याची पाने हलत होती. ज्या मुलांच्या खिशात हजार हजार फोटो आहेत ती मुले एकमेकांना ढकलून त्या खोक्यापुढे रांग लावत होती. तास संपल्याची घंटा झाली तरी मालक त्यांना बजावीतच होते, "घाई करू नका रे, आधी डोळ्याला अंधाराची सवय होऊ द्या."